खुर्चीच्या या बाजूला

“काम काय करता?” फिजिओथेरपिस्टनं विचारलं तेव्हा मी पालथी पडले होते आणि माझं तोंड टेबलाच्या भोकात होतं. त्यामुळे उत्तर फरशीला द्यावं लागलं.

“डेंटिस्ट आहे.”

“तरीच,” ती म्हणाली आणि माझ्या उजव्या खांद्याच्या पात्यामागे अंगठा रुतवला.

या ‘तरीच’पर्यंत पोचायला मला आठ महिने लागले होते. आधी उशी बदलली. मग आईच्या म्हणण्यानुसार एसीचा वारा बंद केला. बी-ट्वेल्व्ह तपासलं, एक्स-रे काढला, गोळ्या झाल्या, बाम झाला. रात्री उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली, सकाळी केस बांधायला हात वर जाईना, तेव्हा इथे आले. मी डॉक्टर आहे हे आधीच्या सगळ्यांना माहीत होतं. ‘मॅडम डॉक्टर आहेत’ म्हणून मला रांगेत बसावं लागलं नव्हतं. पण दिवसभर मी नेमकी कशी बसते, मान कुठे असते, हात कुठे असतो, हे कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

तीन आठवडे काम बंद ठेवायला सांगितलं गेलं. त्या सक्तीच्या सुट्टीत मी माझ्या धंद्याचा इतिहास वाचला. आम्हाला तो कॉलेजात पहिल्या वर्षी दोन पानांत उरकलेला असतो: अमक्यानं खुर्ची शोधली, तमक्यानं ड्रिल शोधलं. या वेळी मी तो वेगळ्या नजरेनं वाचला. प्रत्येक शोधापाशी थांबून विचारलं, यात कुणाचं दुखणं कमी झालं, आणि ते गेलं कुठे?

‘काम काय करता?’ या प्रश्नाला वैद्यकात एक जुना धनी आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी हे इटलीतल्या मोदेना शहरातले वैद्य. त्यांच्या शहरात घरोघरचे मैल्याचे खड्डे ठरावीक काळानं उपसले जायचे. ते उपसणारा एक माणूस जीव तोडून घाई करतोय हे पाहून रामाझ्झिनींनी कारण विचारलं. जास्त वेळ आत राहिलं तर डोळे जातात, असं त्यानं सांगितलं. त्या उत्तरानं त्यांना कामधंद्यांमुळे होणाऱ्या रोगांच्या मागे लावलं. १७०० साली त्यांचा ग्रंथ आला: कामकऱ्यांचे रोग, धंद्यागणिक, प्रकरणवार. हिपोक्रेटिसनं रोग्याला विचारायला सांगितलेल्या प्रश्नांत त्यांनी आपला एक घातला, तो म्हणजे हाच.

रामाझ्झिनींनी रोगांची दोन मोठी कारणं सांगितली. एक, हाताळायचा माल विषारी असतो. दुसरं, कामासाठी शरीर अशा वेड्यावाकड्या स्थितीत ठेवावं लागतं आणि अशा हालचाली कराव्या लागतात की हळूहळू त्याची घडणच बिघडते. १७१३च्या वाढवलेल्या आवृत्तीत लेखनिकांवर एक प्रकरण आहे. त्यात त्यांच्या ओळखीच्या एका नोटरीची हकीकत येते. आयुष्यभर लिहून लिहून त्याचा उजवा हात आधी थकला, मग लुळा पडला. त्यानं डाव्या हातानं लिहायची सवय केली. थोड्याच काळात डाव्यालाही तेच झालं. लेखनिकांच्या दुखण्याची रामाझ्झिनींनी तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची एकाच तऱ्हेची न थांबणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. हे तिसरं कारण वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ छताकडे बघत पडले. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसानं माझा केसपेपर लिहून ठेवला होता.

दंतवैद्यकाला त्याचा पहिला मोठा ग्रंथ मिळाला तो रामाझ्झिनींनंतर २८ वर्षांनी. १७२८ साली पॅरिसमध्ये पिएर फोशार यांनी दोन खंडांत आपलं शास्त्र मांडलं. त्यांना आधुनिक दंतवैद्यकाचे जनक म्हणतात. त्या काळचे दात उपटणारे रोग्याला सरळ जमिनीवर बसवायचे, त्याचं डोकं आपल्या गुडघ्यांत धरायचे आणि वरून काम करायचे. फोशारना ही पद्धत गैरसोयीची आणि रोग्याला घाबरवणारी वाटली. रोग्याला घट्ट, न डगमगणाऱ्या हातांच्या खुर्चीत बसवा, असं त्यांनी लिहिलं. रोगी जमिनीवरून उठला आणि खुर्चीत आला. डॉक्टर उभा राहिला. पुढची जवळजवळ सव्वादोनशे वर्षं तो उभाच राहिला.

मग खुर्ची सुधारत गेली. १७९०च्या सुमारास बॉस्टनच्या जोसाया फ्लॅग यांनी साध्या लाकडी खुर्चीला डोकं टेकवायला वर-खाली होणारी उशी लावली आणि हत्यारं ठेवायला एक फळी. १८३२ साली लंडनच्या जेम्स स्नेल यांनी मागे कलणारी खुर्ची केली. १८७७ साली अमेरिकेत बेसिल मॅनली विल्करसन यांची पायानं पंप मारून वर चढवता येणारी हायड्रॉलिक खुर्ची आली. आपण संग्रहालयात बघतो त्या मखमली, नक्षीदार पायांच्या खुर्च्या याच काळातल्या. रोग्याचं डोकं, मान, कंबर, पाय, प्रत्येकाला टेकू मिळत गेला. त्या काळातल्या चित्रांत डॉक्टर शोधला तर तो खुर्चीच्या उजव्या बाजूला कमरेत वाकून, मान वळवून, एक खांदा उचलून उभा असतो. त्याला टेकायला काहीच नाही.

त्यात भर पडली पायडलची. १८७१ साली जेम्स बील मॉरिसन यांनी पायानं चालवायच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. शिंप्याच्या मशीनचं पायडल डोळ्यांपुढे आणा. पायानं चाक फिरवायचं, चाकावरून दोरी, दोरीनं हातातलं ड्रिल फिरणार. याआधी दाताची कीड हातानं, टोकदार हत्यारानं कोरून काढावी लागे. पायडलमुळे तेच काम झपाट्यानं व्हायला लागलं आणि रोग्याची बरीच सुटका झाली. पण शिंपी बसून पायडल मारतो. दंतवैद्य एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायानं पायडल मारत होता, आणि त्याच वेळी हातानं अशा जागी कोरत होता जिथे थोडाही हात हलला तर नस उघडी पडेल. करून पाहा: एक पाय जमिनीवर, दुसरा सतत हलता, कंबर वाकलेली, आणि हातानं सुईत दोरा ओवायचा. दिवसभर. १८७५ साली जॉर्ज ग्रीन यांनी विजेच्या ड्रिलचं पेटंट घेतलं, पण सगळीकडे वीज पोचायला वेळ लागला आणि पायडल अनेक दवाखान्यांत त्यानंतरही बराच काळ चालत राहिलं.

या चित्रात आता आणखी एक माणूस येतो. बहुतेक वेळा ती बाई असते. न्यू ऑर्लिअन्सचे चार्ल्स एडमंड केल्स यांनी १८८५ साली दवाखान्यात मदतनीस म्हणून एका बाईला नेमलं. त्या काळी बायका एकट्या परपुरुषाच्या दवाखान्यात जायला कचरत. आत एक बाई आहे म्हटल्यावर त्या यायला लागल्या. मग इतर दंतवैद्यही खिडकीवर ‘आत बाई हजर आहे’ अशा पाट्या लावायला लागले. नेमणूक झाली ती रोग्याला धीर म्हणून. नंतर तिच्या हातात सगळंच आलं: हत्यारं देणं, मसाला कालवणं, धुणं, पुसणं, हिशेब. पुढे कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टचे आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ साली आपली असिस्टंट आयरीन न्यूमन हिला दात साफ करण्याचं काम शिकवलं आणि १९१३ साली त्यासाठी शाळाच काढली. पहिल्या तुकडीतून २७ बायका बाहेर पडल्या. दातांवरचं किटण खरवडणं हे बारीक हत्यार चिमटीत गच्च धरून, मनगट वाकवून, तीच हालचाल शेकडो वेळा करायचं काम. ते आता वेगळ्या माणसाच्या, म्हणजे बाईच्या, मनगटात गेलं. रामाझ्झिनींचा नोटरी इथे पुन्हा भेटतो.

डॉक्टरांच्या पाठीची कुणीतरी मोजदाद केली ती १९४६ साली. बिलर नावाच्या अभ्यासकानं नोंदवलं की ६५ टक्के दंतवैद्य पाठदुखीची तक्रार करतात. हा आकडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे.

दंतवैद्य बसला तो मात्र त्याच्या पाठीची दया येऊन नव्हे, किंवा निदान तेवढ्यानंच नव्हे. १९५७ साली अमेरिकेत जॉन बॉर्डन यांचं हवेच्या दाबावर चालणारं ड्रिल बाजारात आलं. मिनिटाला ३ लाखांपर्यंत फेरे. रूट कॅनालला आलेले लोक आजही ज्या शिट्टीसारख्या आवाजानं खुर्चीचे हात घट्ट धरतात, तो आवाज याचा. एवढ्या वेगानं दात तापतो आणि आतली नस मरू शकते, म्हणून टोकावर पाण्याचा फवारा लागतो. पाणी तोंडात साचतं, म्हणून सक्शन हवं. सक्शन धरायला तिसरा आणि चौथा हात हवा, म्हणून असिस्टंट कायमची शेजारी आली. चौघा हातांना एकाच तोंडात जागा हवी, म्हणून रोगी आडवा झाला. १९५८ साली पूर्ण आडवी होणारी खुर्ची आली. रोगी आडवा, म्हणजे डॉक्टरला उभं राहून चालेना. तो स्टुलावर बसला. १९६०च्या दशकात ही ‘चार हातांची’ पद्धत अमेरिकेत रुजली आणि तिची मोठी जाहिरात झाली ती वेग या एकाच शब्दावर: तेवढ्याच वेळात जास्त काम, जास्त रोगी.

याच दशकात जपानमध्ये एक वेगळी वाट निघाली होती. डॅरिल बीच हे तिथे काम करणारे अमेरिकन दंतवैद्य. त्यांनी सुरुवात खुर्चीपासून केलीच नाही. माणूस सहज ताठ बसलेला असताना त्याची बोटं सर्वांत बारीक काम सर्वांत कमी ताणात कुठे करतात, हे आधी शरीरालाच विचारायचं. ती जागा सापडली की रोग्याचं तोंड तिथे आणायचं. त्यांच्या विचारावर बेतलेलं मोरिता कंपनीचं ‘स्पेसलाइन’ हे युनिट १९६४ साली आलं. आधी माणूस, मग सामान. ऐकायला किती साधं वाटतं. पण जगभर बहुतेक दवाखान्यांत उलट घडलं: आधी सामान आलं आणि माणसानं स्वतःला त्यात बसवून घेतलं.

आता परत आकड्याकडे. २००९ साली ऑस्ट्रेलियातल्या हेज, कॉकरेल आणि स्मिथ यांनी तोवर झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. दंतवैद्यकात काम करणाऱ्यांमध्ये स्नायू आणि सांध्यांच्या दुखण्याचं प्रमाण ६४ ते ९३ टक्के निघालं. डॉक्टरांची मान आणि पाठ, दात साफ करणाऱ्यांचे हात आणि मनगटं. बिलरनं फक्त पाठ मोजली होती, इथे सगळं अंग मोजलंय, त्यामुळे दोन आकडे सरळ शेजारी ठेवता येणार नाहीत. तरी एवढं दिसतं की मधल्या साठ वर्षांत खुर्ची विजेची झाली, आपण बसलो, दिवे सुधारले, आणि दुखणं घर सोडून गेलं नाही. पायांतून आणि कमरेतून ते मानेत आणि खांद्यांत राहायला आलं.

असं का, याचं उत्तर माझ्या फिजिओथेरपिस्टनं एका वाक्यात दिलं: “तुम्ही हलत नाही.” बसणं म्हणजे आराम, असं आपण समजतो. पण आखडून धरलेला स्नायू स्वतःतल्या रक्तवाहिन्या दाबून धरतो. चालताना तो आवळतो, सैल होतो, रक्त खेळतं. धरूनच ठेवला तर त्याला आत येणारं रक्त कमी पडतं आणि तो दुखायला लागतो. तोंड ही काळोखी, ओली, जेमतेम तीन-चार बोटं मावतील एवढी जागा. वरच्या शेवटच्या दाढेची मागची बाजू आरशात बघत काम करायचं असतं. आरशात उलटं दिसतं, त्यामुळे घाईत आरसा बाजूला राहतो आणि मान पुढे जाते.

तुम्ही हे मोबाइलवर वाचत असाल, तर तुम्हालाही ही मान ओळखीची असेल. ताठ मानेवर डोक्याचं वजन साधारण ५ किलो असतं. २०१४ साली केनेथ हंसराज या शल्यविशारदानं गणिती प्रारूप मांडून हिशेब केला: मान ६० अंशांत झुकली तर मणक्यावरचा भार सुमारे २७ किलोंपर्यंत जातो. फरक एवढाच की तुम्ही मध्येच फोन खाली ठेवू शकता. माझ्या हातातलं ड्रिल एका जाग्या, घाबरलेल्या माणसाच्या तोंडात असतं.

ही भीती मोजायला कुठलंही यंत्र नाही. पेशंटनं ‘ऊं’ केलं की माझे खांदे कानांपर्यंत जातात. तिची भुवई आक्रसली की माझी चिमट घट्ट होते. हा रामाझ्झिनींचा तिसरा मुद्दा, मनाचा ताण, आणि तो मनात राहत नाही. तो सरळ खांद्यात उतरतो. वर घड्याळ. पदवीनंतर मी पुण्यात एका ठिकाणी टक्केवारीवर काम करत होते. टक्केवारी म्हणजे जेवढी कामं तेवढे पैसे, पगार नाही. दोन पेशंटमध्ये पाच मिनिटं उभं राहून हात झटकायचे, तर ती पाच मिनिटं माझ्या खिशातून जायची. माझ्या बॅचचे निम्मे तरी असेच लागले होते. भारतातलं पहिलं दंतवैद्यक कॉलेज डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढलं, मुंबईत नायर रुग्णालयाचं कॉलेज १९३३चं. आज देशात ३००हून जास्त कॉलेजं आहेत. शहरात एका गल्लीत चार पाट्या असल्या की फी खाली येते आणि फी खाली आली की पेशंटची संख्या वाढवावी लागते. पाठीनं भरायची ती तूट. आम्ही सगळे दुखणं लपवायचो, कारण मान धरलेला डेंटिस्ट कोण ठेवून घेईल?

तीन आठवड्यांनी मी नाशिकला माझ्या स्वतःच्या दवाखान्यात परत आले. शिकून आले होते. स्टूल उंच केलं, मांड्या थोड्या उतरत्या ठेवल्या, पेशंटला पूर्ण आडवं केलं, कोपरं अंगाशी. लूप्स घेतले, म्हणजे मान न झुकवता दिसावं म्हणून चष्म्याला बसवलेली भिंगं. दर तासाला दोन मिनिटं अपॉइंटमेंटमध्येच मोकळी सोडली. दुखणं कमी व्हायला लागलं. मी असिस्टंट ताईंना सगळं उत्साहानं सांगत होते: रामाझ्झिनी, पायडल, एका पायावर उभा डॉक्टर.

“बिचारे,” ताई म्हणाल्या. त्या वेळी त्या सक्शन धरून उभ्या होत्या. उजवा पाय वर उचलून त्याची टाच डाव्या पोटरीला घासत होत्या.

मी बघत राहिले. माझ्या दवाखान्यात एकच स्टूल होतं. पाठीला टेकू असलेलं, चाकांचं, माझं. ताई सहा वर्षं उभ्या होत्या. मी पेशंटला आडवं केलं होतं, स्वतःच्या उंचीला जुळवून घेतलं होतं, आणि आता त्यांना आधीपेक्षा जास्त वाकावं लागत होतं.

“ताई, तुमचं काय दुखतं?”

“काही नाही हो मॅडम.” मग थोड्या वेळानं, पेशंट गेल्यावर, “टाच. सकाळी उठल्यावर पाय टेकवत नाही. आणि हे मनगट, पिळा घालताना. वय झालं.”

त्या चाळीसच्या आहेत.

दुसरं स्टूल आणलं, असिस्टंटसाठी असतं तसं, जरा उंच आणि पाय ठेवायला खाली कडं असलेलं. पहिले काही दिवस त्या त्याच्या कडेवर टेकायच्या आणि दारात पेशंट दिसला की उठायच्या. डॉक्टरांच्या शेजारी बसायचं, तेही लोकांसमोर, हे त्यांना बरं वाटत नव्हतं. आता बसतात. लांबलेल्या रूट कॅनालमध्ये माझी नाकाची रेघ खाली यायला लागली की हळूच म्हणतात, “मॅडम, मान.” मी त्यांना म्हणते, “ताई, खांदा.” पेशंटला वाटतं आम्ही कसला तरी सांकेतिक भाषेतला उपचार करतोय.

आमच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा एक रकाना पहिल्यापासून आहे. फी ऐकून पेशंट किती दचकेल याचा अंदाज घ्यायला मी तो वाचायचे. आता विचारते. दोरा दातानं तोडून पुढच्या दाताला खाच पडलेला शिंपी, रात्री दात खाऊन जबडा आखडलेली कॉल सेंटरवाली मुलगी. विचारलं की लोक सांगतात.

परवा जुन्या फायली लावताना ताईंचाच केसपेपर हाती लागला. चार वर्षांपूर्वी मी त्यांची दाढ भरली होती. कागद त्यांनीच भरलेला, त्यांच्या गोल अक्षरात. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं: गृहिणी.

मी तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि हसल्या.

“सवयीनं लिहिलं असेल, मॅडम,” म्हणाल्या, आणि पेन मागितलं.